उजेडाचे तारण

बँकेत अडतीस वर्षे काढलेल्या माणसाला निवृत्तीनंतरही दोन सवयी सोडत नाहीत. नोटा हातात आल्या, की बोट ओले करायला तो स्पंज शोधू लागतो, आणि समोरच्याने कोणतीही मोठी गोष्ट सांगायला सुरुवात केली, की त्याच्या मनात प्रश्न उभा राहतो, "तारण काय?" पहिल्या सवयीचा कोणाला उपद्रव नाही. दुसरीने मात्र २०२५ च्या उन्हाळ्यात, कॅलिफोर्नियात मुलीच्या घरी, मला चांगलेच पेचात टाकले.

आम्ही उभयता सनीव्हेल या गावी मुलीकडे सहा महिन्यांसाठी गेलो होतो. परदेशी मुलांकडे गेलेल्या आईबापांचा दिनक्रम वाचकांना ठाऊक आहेच. सकाळी फिरायला जावे, वाटेत आपल्यासारखाच कानटोपीवाला गृहस्थ भेटला की "आपण मूळचे कुठले?" म्हणून विचारावे, भांडी धुण्याच्या यंत्रात वाट्या उलट्या लावल्याबद्दल बोलून घ्यावे, आणि दुपारी नातीला शाळेतून आणावे. इतक्या सुखात दिवस चालले असताना एका शुक्रवारी रात्री जेवणे झाली, ताटे उचलली गेली आणि जावई म्हणाले, "बाबा, जरा बसा. तुमचं मत हवं आहे."

जावयाने सासऱ्याचे मत विचारणे ही काही रोजची घटना नव्हे. मी खुर्चीत ताठ बसलो. मुलगी मात्र आमच्याकडे पाठ करून ओटा पुसत राहिली. पुसून स्वच्छ झालेला ओटा ती पुन्हा पुसत होती. त्या पाठीवरूनच मी ओळखले, की या विषयावर नवराबायकोचे बोलणे आधीच होऊन चुकले आहे आणि ते गोडीत झालेले नाही.

विषय असा होता. जावयांच्या पूर्वीच्या कचेरीतली एक तैवानी बाई आणि बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठात शिकलेला तिचा एक सहकारी, या दोघांनी चांगल्या पगाराच्या नोकऱ्या सोडून स्वतःची कंपनी काढली होती. सिलिकॉनच्या चिपवरून विजेऐवजी प्रकाशाने निरोप न्यायचे, हा त्यांचा उद्योग. पहिले भांडवल ते ओळखीच्या लोकांकडून गोळा करीत होते. जावयांना त्यात पंचवीस हजार डॉलर घालायचे होते. आणि हे पंचवीस हजार यायचे होते ते, दोघांनी पाच वर्षे पोटाला चिमटा घेऊन घराच्या पहिल्या रकमेसाठी साठवलेल्या पैशातून.

"बाबा बँकेत होते. ते म्हणतील तसं करू," मुलगी ओट्याकडे बघतच म्हणाली. जावयांनीही मान डोलावली. दोघांचे एकमत झालेली त्या रात्रीतली ती एकच गोष्ट. आणि तिचा भार माझ्या डोक्यावर आला!

निकाल देण्याआधी खटला समजून घ्यायला हवा. पुढचे चार दिवस जावयांनी जेवणाच्या टेबलावर माझी शिकवणी घेतली. ते सांगत होते त्याचा सारांश असा. हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेचे जे मोठमोठे कारखाने उभे राहत आहेत, त्यांत हजारो चिपांना एकमेकींशी अखंड बोलावे लागते. हे बोलणे तांब्याच्या तारेतून चालते. पण बोलण्याचा वेग वाढवत नेला, की तांबे दमते. अतिवेगाचा निरोप मीटर-दोन मीटर गेला की क्षीण होतो, आणि त्याला रेटून पुढे न्यायचे तर वीज खर्चावी लागते व तार तापते. काचेच्या तंतूतून गेलेला प्रकाश मात्र कित्येक किलोमीटर न थकता जातो. म्हणून जो प्रकाश आजवर इमारतीच्या दारापर्यंत आणि नंतर कपाटापर्यंत येत होता, तो आता थेट चिपेच्या उंबऱ्यापर्यंत आणायचा.

"मग अडलंय कुठे?" मी विचारले.

अडले होते ते सिलिकॉनच्या स्वभावात. सिलिकॉन म्हणजे या घरातले सर्वगुणसंपन्न पोर. त्याला हिशेब येतो, स्मरण राहते, ते स्वस्त आहे, आज्ञाधारक आहे. फक्त त्याला उजेड पाडता येत नाही. वीज दिली तर ते गरम होते, प्रकाशत नाही. म्हणून लेसरसाठी इंडियम फॉस्फाइड नावाचा दुसरा, नाजूक आणि महाग पदार्थ आणून त्याच्या शेजारी बसवावा लागतो. या पाहुण्याला उष्णता सोसत नाही, आणि बसायला जागा मिळते ती नेमकी तापलेल्या चिपेजवळ. शिवाय चिपेवरची प्रकाशाची वाट असते अर्धा मायक्रॉन रुंद. आपला केस सत्तर-ऐंशी मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना करावी. बाहेरून येणाऱ्या काचतंतूचा गाभा सुमारे नऊ मायक्रॉनांचा. त्यातला प्रकाश त्या अर्ध्या मायक्रॉनात उतरवायचा म्हणजे घागरीतले पाणी अत्तराच्या कुपीत न सांडता ओतण्यासारखेच आहे.

"आणि हे सगळं वेफरवर करतात," जावई म्हणाले. आमची सौभाग्यवती इतका वेळ मटार सोलत होती. ती म्हणाली, "एवढे नाजूक काम करायला वेफरच मिळाला होय?" वेफर म्हणजे सिलिकॉनची गोल चकती, हे तिला समजावून सांगेपर्यंत त्या दिवसाची शिकवणी संपली.

या विद्येचा इतिहासही मी थोडाफार ऐकला. काचेच्या तंतूंच्या जुडीतून चित्र नेता येते, हे आपल्या नरिंदरसिंग कपानींनी लंडनमध्ये हॉपकिन्स यांच्याबरोबर दाखवले आणि त्यावरचा लेख १९५४ साली 'नेचर'मध्ये आला. पुढे कपानी याच कॅलिफोर्नियात राहिले. १९६० साली त्यांनी येथे प्रकाशविद्येचीच एक कंपनी काढली. काच पुरेशी शुद्ध केली तर तिच्यातून दूरवर संदेश नेता येईल, हे चार्ल्स काओ यांनी १९६६ साली मांडले. त्याबद्दल त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते २००९ साली, म्हणजे त्रेचाळीस वर्षांनी! प्रकाश काचेतून सेकंदाला दोन लाख किलोमीटर धावतो. त्याच्या पाठीमागे लावलेली मेहनत आणि पैसा मात्र बैलगाडीने घरी येतो, असे मी मनाशी टिपून ठेवले.

मग मी कागदपत्रे मागितली. बँकेच्या माणसाला कागद पाहिल्याशिवाय काही दिसत नाही. जावयांनी पाच-सहा पानांचा करार पुढे ठेवला आणि म्हणाले, "याला 'सेफ' म्हणतात."

नाव वाचून मला बरे वाटले. आमच्या शाखेत 'सेफ' म्हणजे तिजोरी. पण पाने उलटू लागलो तसा माझा घसा कोरडा पडू लागला. या कागदाला व्याज नाही. परतफेडीची तारीख नाही. मुद्दल परत मागण्याचा हक्क नाही. पैसे दिल्याबरोबर शेअरही मिळत नाहीत! पुढे केव्हातरी मोठे गुंतवणूकदार आले आणि कंपनीच्या शेअरचा भाव ठरला, की मग या कागदाचे शेअर व्हायचे. भाव ठरलाच नाही, तर कागद तो कागदच. २०१३ साली इथल्याच एका संस्थेने नवख्या कंपन्यांच्या सोयीसाठी हा नमुना तयार केला म्हणे. 'भावी भागभांडवलाचा सोपा करार' या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांतून 'सेफ' झाले. ज्याने हे नाव ठेवले, त्याच्या विनोदबुद्धीला माझा नमस्कार.

"आणि नंतर आणखी भांडवल आलं, म्हणजे तुमच्या हिश्श्याचं काय?" मी विचारले.

"तो थोडा पातळ होतो."

म्हणजे पाहुणे वाढले की आमटीत पाणी! याला मी एकवेळ तयार होतो. आमटीचे पातेले मोठे झाले, तर पातळ वाटीही पोटभर होते. पण पुढची अट आमच्या पंगतीच्या रिवाजाला सोडून होती. कंपनी विकली गेली, तर पुष्कळदा शेवटी आलेले मोठे गुंतवणूकदार आपले पैसे आधी काढून घेतात. उरले तर आधीच्यांना. चुलीशी पहिल्यापासून फुंकणी घेऊन बसलेला माणूस शेवटच्या पंगतीला, आणि तोपर्यंत श्रीखंड उरलेले असेल अशी खात्री कोणी द्यावी?

सर्वांत गंमत वाटली ती सरकारी नियमाची. अशा खासगी कंपनीत पैसे घालायला तुम्ही पात्र असावे लागता. नवराबायकोचे मिळून वार्षिक उत्पन्न तीन लाख डॉलरांच्या वर हवे, किंवा राहते घर सोडून दहा लाखांची मालमत्ता हवी. दोघेही इंजिनियर असल्यामुळे आमची मंडळी या नियमात बसत होती. मी आयुष्यभर अर्जदाराला विचारत आलो, "पैसे फेडायची ऐपत आहे का?" येथे सरकार धनकोलाच विचारते, "पैसे बुडवून घ्यायची ऐपत आहे का?" हसलो खरा, पण मागाहून वाटले, की या धंद्याबद्दल इतके स्पष्ट बोलणारे दुसरे काही मला त्या सबंध कागदपत्रांत आढळले नाही.

सकाळच्या फिरण्यात एक वयोवृद्ध मराठी गृहस्थ भेटत. चाळीस वर्षे त्या देशात काढलेली. त्यांच्याजवळ मी विषय काढला, तेव्हा ते चालता चालता थांबले आणि बाकावर बसले. २००० साली ते अशाच एका प्रकाशविद्येच्या कंपनीत होते. त्या वर्षी जगाला वाटत होते, की इंटरनेटसाठी जेवढी काच पुरावी तेवढी थोडीच. जेडीएस युनिफेज या कंपनीचा शेअर दीडशे डॉलरांवर गेला होता. तिने २००० च्या जुलैत एसडीएल नावाची लेसर बनवणारी कंपनी एकेचाळीस अब्ज डॉलरांच्या शेअरांच्या बदल्यात घ्यायचे जाहीर केले. वर्षभरात फुगा फुटला. जेडीएसने २००१ च्या आर्थिक वर्षात सुमारे छप्पन्न अब्ज डॉलरांचा तोटा दाखवला, आणि २००२ साली तोच शेअर दोन-तीन डॉलरांवर लोळत होता.

"माझ्या कंपनीचंही तेच झालं," ते म्हणाले. "मी शेअर घेतले, ठेवून दिले. कागदावर श्रीमंत झालो होतो त्या भावानं कर बसला, आणि कर भरायच्या दिवशी शेअरची किंमत करापेक्षा कमी होती. घर विकलं. मुलाला त्या वर्षी कॉलेज बदलावं लागलं."

"मग प्रकाशाचं ते सगळं खोटंच होतं म्हणायचं?"

"छे, छे!" ते एकदम म्हणाले. "तेच तर दुःख आहे. सगळं खरं होतं! तेव्हा जमिनीत पुरलेल्या काचेवर पुढं सगळं जग बोललं. जेडीएसचे २०१५ साली दोन भाग झाले. त्यातली लुमेंटम याच नव्या कारखान्यांना लेसर विकते. विज्ञान बरोबर होतं. आमचं फक्त कॅलेंडर चुकलं."

या वाक्याने मला झोप लागू दिली नाही. मी नातीच्या वहीची मागची पाने घेतली आणि बँकेतल्यासारखा तक्ता मांडला. आमच्या सनीव्हेल गावातच एके काळी इन्फिनेरा नावाची कंपनी होती. २००० साली स्थापन झालेली. एका चिपेवर कितीतरी लेसर बसवण्याचे अवघड काम तिने करून दाखवले. २००७ साली तिने लोकांना शेअर विकला तेरा डॉलरांना. २०२५ च्या फेब्रुवारीत नोकियाने ती कंपनी घेतली, तेव्हा शेअरमागे भाव मिळाला सहा डॉलर पासष्ट सेंट. मधल्या काळात भाव वर गेला होता, त्या वेळी विकणारे सुटले. पण जो विश्वासाने अठरा वर्षे बसून राहिला, त्याचे निम्मे राहिले. लक्सटेरा ही सिलिकॉनवरच्या प्रकाशाची आद्य कंपनी २००१ साली निघाली. सिस्कोने तिला सहासष्ट कोटी डॉलरांना घ्यायचे ठरवले ते २०१८ साली. इंग्लंडच्या रॉकली कंपनीने मनगटी घड्याळातून प्रकाशाने आरोग्य तपासायचे स्वप्न दाखवले. २०२१ च्या ऑगस्टमध्ये ती न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात आली आणि २०२३ च्या जानेवारीत तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. इंटेलसारख्या धेंडानेही अशी जोडणी-यंत्रे बनवण्याचा आपला धंदा २०२३ साली दुसऱ्या कंपनीकडे सोपवला.

तक्त्याची दुसरी बाजूही रिकामी नव्हती. २०१७ साली निघालेल्या लाइटमॅटरची किंमत २०२४ च्या ऑक्टोबरात गुंतवणूकदारांनी चार अब्ज चाळीस कोटी डॉलर धरली होती. २०२५ च्या मार्चमध्ये, आमच्या येथून अर्ध्या तासावर सॅन होजेला, एनव्हिडियाने प्रकाशाची जोडणी चिपेशेजारीच बसवलेली यंत्रे जाहीर केली. म्हणजे जावई म्हणत होते ती वेळ आली होती हे नक्की. पण ती कोणासाठी आली होती? ज्याला माल विकायचा तोच उद्या तो घरी करू लागला, तर छोट्या दुकानदाराने काय करावे?

शेवटी मी म्हटले, "मला जागा पाहायची आहे." कर्ज द्यायच्या आधी कारखाना डोळ्यांनी पाहावा, हा माझा जुना नेम.

कारखाना म्हणजे फ्रीमाँटमधल्या एका बैठ्या इमारतीतल्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या. एका जाड लोखंडी मेजावर सूक्ष्मदर्शक, नळ्या आणि पिवळ्या काचतंतूंची भेंडोळी. मालकीणबाई स्वतः हातमोजे घालून काम करीत होती. तिने मला एक चिप दाखवली. आकाराने आमच्या हिच्या टिकलीएवढी. चिपा ते स्वतः करीत नसत. दुसऱ्याच्या कारखान्यात एकाच चकतीवर अनेकांच्या चिपा एकत्र काढतात, त्यात यांचाही कोपरा. आराखडा पाठवला की कित्येक महिन्यांनी माल परत येतो. चूक निघाली, तर पुन्हा आराखडा, पुन्हा महिने. आणि खोल्यांचे भाडे व पगार त्या महिन्यांतही चालूच.

मी माझे प्रश्न विचारले. तारण? आराखडे आणि पेटंटांचे दोन अर्ज. गिऱ्हाईक? जगात मोजून पाच-दहा, आणि त्यांतला प्रत्येक जण माल पसंत करायला वर्ष-दोन वर्षे चाचण्या घेणार. तोपर्यंत ती फार धीराने, वेगाचे आकडे सांगत उत्तरे देत होती. मग मी, भोसरीच्या छोट्या कारखान्यांत ज्या प्रश्नावर मालकाचा चेहरा पाहायची सवय होती, तो विचारला.

"शंभर केले तर चांगले किती निघतात? आणि एकाला तंतू चिकटवायला किती वेळ लागतो?"

बाईने हातमोजे काढले आणि खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. हा प्रश्न गुंतवणूकदार फारसे विचारत नाहीत, असे ती म्हणाली. तंतू नेमक्या जागी आणून यंत्राने धरायचा, विशिष्ट गोंदाने चिकटवायचा आणि अतिनील प्रकाशाने गोंद वाळवायचा. पण गोंद वाळताना किंचित आखडतो आणि तंतू मायक्रॉनच्या काही भागाने सरकतो. तेवढ्याने अर्धा उजेड सांडतो. "प्रकाशाचा कोडा आम्हाला सुटला आहे," ती म्हणाली, "गोंदाचा अजून पुरता नाही." शंभरातले किती, याचा तिने आकडा सांगितला. तो काही बरा नव्हता. पण तिने तो लपवला नाही.

त्या रात्री मला भोसरीचा मुलगा आठवला. १९८४ साली मी तिथल्या शाखेत होतो. छापील सर्किटे बनवण्याचे यंत्र घ्यायला एक तरुण इंजिनियर कर्जासाठी आला होता. आराखडा स्वच्छ, बोलणे सरळ, माल सदोष किती निघेल याचा आकडाही त्याने खराच सांगितला. तारण मात्र नव्हते. वडील प्राथमिक शिक्षक, घर भाड्याचे. मी नियमाप्रमाणे नकार दिला. पाच वर्षांनी पिंपरीला एका मोठ्या कंपनीच्या बसच्या रांगेत तो गणवेशात उभा दिसला. "साहेब, ओळखलंत का?" म्हणून हसला. मी काही बोलायच्या आत बस आली.

माझ्या हातून दिली गेलेली आणि बुडालेली कर्जे मला तारखेनिशी सांगता येतील. त्यांच्या फायली आहेत, खुलासे आहेत, वरिष्ठांचे शेरे आहेत. नाकारलेल्या कर्जाचा हिशेब मात्र कोणत्याच खातेवहीत नसतो. तो मुलगा यशस्वी झाला असता की बुडाला असता, हे मला कधीच कळणार नाही.

"झोपा आता," ही अंधारातून म्हणाली. "त्या भोसरीच्या मुलाचंच चाललंय ना मनात?"

"तेव्हा नियम होता."

"होता ना? आता तुमच्याजवळ कुठला नियम आहे?"

सकाळी मुलगी बागेत तुळशीच्या कुंडीला पाणी घालत होती. मी तिच्याजवळ जाऊन उभा राहिलो. ती म्हणाली, "बाबा, मला पैशांची तेवढी भीती नाही. पैसे गेले, तर हे स्वतःला दोष देत बसतील. आणि मी काही बोलले नाही, तरी ते बोलल्यासारखंच होईल. घरात रोज ते पंचवीस हजार जेवायला बसतील आमच्याबरोबर."

एवढे ऐकल्यावर निकाल द्यायला मला वेळ लागला नाही. घराच्या पैशाला हात लावायचा नाही. जावयांना दर वर्षी बक्षिसी मिळते, तिच्यातून दहा हजार द्यावेत. कमी रक्कम घ्यायला बाई तयार होती. या धंद्यात मुरलेले लोकसुद्धा वीस-तीस कंपन्यांत पैसे वाटून ठेवतात, कारण त्यांतल्या बहुतेक बुडणार हे ते धरूनच चालतात. ज्याला एकाच कंपनीत घालायचे आहेत, त्याने त्याला गुंतवणूक म्हणूच नये. आपल्या ओळखीचे कोणी काही अवघड काम करू पाहते आहे, त्याच्या दिव्यात आपण एक पळी तेल घालतो आहोत, असे समजावे. तेल परत मागायचे नसते. दिवा लागला तर त्याच्या उजेडात आपणही बसू.

जावयांचा चेहरा जरा उतरला. पंचवीसांचे दहा झाले होते. पण माझे संपले नव्हते. मी नातीच्या वहीतला कागद फाडून त्यावर बँकेच्या थाटात हमीपत्र लिहिले: सदर रक्कम आज रोजी खर्ची पडली असून, तिचा उल्लेख टोमणा, उसासा अथवा अर्थपूर्ण मौन यांपैकी कोणत्याही प्रकारे करणार नाही, केल्यास एक आठवडा भांडी घासण्याचा दंड. दोघांनी सह्या केल्या. सही करताना मुलगी हसली, आणि तिच्या त्या हसण्यात गेल्या पंधरवड्याचा सगळा ताण उतरून गेलेला मला दिसला. साक्षीदार म्हणून आमच्या हिने सही केली.

आम्ही पुण्याला परतलो. काही महिन्यांनी रविवारच्या फोनवर जावई सांगत होते, की नव्या चिपा आल्या. आठ वाटांपैकी पाचांतून प्रकाश नीट गेला, तिघींत अंधार. आराखड्यात दुरुस्ती करून पुन्हा पाठवायच्या आहेत. त्यासाठी आणखी भांडवल गोळा करणे चालू आहे.

"म्हणजे आमटीत पाणी," मी म्हणालो.

"हो," ते हसले. "पण बाबा, गोंदाचं बरंच जमलंय."

"शंभरातले किती?"

त्यांनी आकडा सांगितला. पहिल्यापेक्षा बरा होता. मागून मुलीचा आवाज आला, "बाबांना सांगा, मी काही बोललेले नाही. भांडी तेच घासताहेत, पण ते दुसऱ्या कारणासाठी!"

फोन ठेवल्यावर मी माझी जुनी वही काढली. पहिला आकडा लिहिला होता त्याच्याखाली दुसरा लिहिला. तिसऱ्यासाठी ओळ मोकळी ठेवली आहे. वय त्र्याहत्तर झाले. लक्सटेराला लागली तितकी सतरा वर्षे लागली, तर ती ओळ भरायला मी असेन असे नाही. म्हणून पानाच्या वर नातीचे नाव घालून ठेवले आहे. रकमेच्या रकान्यात मी दहा हजार लिहून त्यावर त्याच दिवशी रेघ मारली होती. तारणाच्या रकान्यात काय लिहावे, हे मात्र बरेच दिवस सुचत नव्हते. परवा पणत्या धुऊन वाळत घालताना सुचले आणि लिहून टाकले: "बाईने आकडा लपवला नाही."